पोरं कॉलेजला निघाली की: ख्रिस्ती आईबापांसाठी

बारावीचा निकाल लागतो, कॅप राउंडची यादी येते, नंबर पुण्याला नाहीतर संभाजीनगरला लागतो आणि घरात याद्या सुरू होतात. गादी, बादली, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड, दाखल्यांच्या झेरॉक्स. याच दिवसांत आईच्या मनात दुसरी एक यादी चालू असते, ती कुणी कागदावर उतरवत नाही. हा रविवारी उपासनेला जाईल का? मेसमध्ये ताटावर बसल्यावर डोळे मिटून आभार मानील, की पोरं बघतील म्हणून लाजेल? बायबल उशाशी राहील, की ट्रंकेच्या तळाशी जाईल?

हा लेख त्या दुसऱ्या यादीसाठी आहे. माझी दोन मुलं नगरहून शिकायला बाहेर पडली. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, मुलगी चार वर्षांनी मुंबईला नर्सिंगला. आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं काम मी बरीच वर्षं पाहते, त्यामुळे इतरांचीही मुलं जाताना आणि परत येताना पाहिली आहेत. मुलाच्या वेळी माझ्या हातून चुका झाल्या. मुलीच्या वेळी त्यातल्या काही टळल्या. जे उमगलं ते पहिल्यांदाच मूल बाहेर पाठवणाऱ्यांसाठी इथे मांडते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मूल घरात असतं तेव्हा त्याचा विश्वास बराचसा घराचा असतो. आपण उठवतो म्हणून ते रविवारी उठतं, आपण गातो म्हणून गातं. कॉलेजच्या वर्षांत हा विश्वास त्याचा स्वतःचा व्हायचा असतो. तसं होत असताना लांबून पाहणाऱ्या आईला ते पुष्कळदा विश्वास गमावल्यासारखंच दिसतं. मला तसंच दिसलं होतं, आणि त्या घाबरण्यातूनच माझ्या बहुतेक चुका झाल्या.

निघण्याआधीची सुट्टी

प्रवेशाची धावपळ चालू असतानाच तीन कामं करून घ्या.

पहिलं काम कागदांचं. बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा. दृढीकरण झालं असेल तर त्याचाही. ख्रिस्ती संस्थांच्या कॉलेजात अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश घ्यायचा असेल किंवा त्यांच्या वसतिगृहात जागा हवी असेल, तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं किंवा फादरांचं पत्र पुष्कळ ठिकाणी मागतात. याशिवाय पाळकसाहेबांकडून आणखी एक साधं पत्र मागून घ्या: हा आमच्या मंडळीचा सभासद आहे, आपल्या शहरात शिकायला येत आहे, याला आपल्यात सामावून घ्यावं. नव्या शहरात गेल्यावर मूल ज्या मंडळीत जाईल तिथे हे पत्र द्यायचं. पूर्वी असं पत्र घेतल्याशिवाय कुणी गाव सोडत नसे. आता ही पद्धत मागे पडली आहे, पण त्या पत्राने दार उघडतं हे मी मुलीच्या वेळी पाहिलं.

दुसरं काम नाजूक आहे. आपल्याकडे कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म लिहिलेला असतो आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरा. यामागे १९५० चा अनुसूचित जातींबाबतचा आदेश आहे. त्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र अनुसूचित जातीच्या सवलती आजही मिळत नाहीत. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या पिढीने काय निर्णय घेतले, का घेतले, आपल्या घराचे कागद आज काय म्हणतात, हे मुलाला तुमच्या तोंडून आणि संपूर्ण कळू द्या. वसतिगृहात कुणीतरी टोमण्यात काढील आणि तिथे त्याला पहिल्यांदा कळेल, असं होऊ देऊ नका. बोलताना त्याच्या डोक्यावर अपराधाचं ओझं ठेवू नका. प्रश्न अवघड आहे, मोठी माणसंही त्यात अडकलेली आहेत, एवढं प्रामाणिकपणे सांगितलं तरी मूल समजून घेतं.

तिसरं काम आडनावाचं म्हणावं लागेल. नगरला साळवे, गायकवाड, शिंदे, पवार ख्रिस्ती असतात यात कुणाला नवल वाटत नाही. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात विचारतात, "शिंदे? आणि ख्रिश्चन? मग तुम्ही कन्व्हर्टेड का?" पाठोपाठ येतं, "किती पैसे मिळाले होते?" अठरा वर्षांचा मुलगा या प्रश्नापुढे एक तर चिडतो, नाहीतर गप्प होतो. गप्प झालेला मुलगा पुढच्या वेळी आपण ख्रिस्ती आहोत हे सांगतच नाही.

म्हणून त्या सुट्टीत एका संध्याकाळी बसून त्याला आपल्या घराची गोष्ट सांगा. आजी हयात असेल तर तिला सांगू द्या. घरात पहिला बाप्तिस्मा कुणी घेतला, कुठल्या गावात, त्याचं काय मोल द्यावं लागलं. आमच्याकडे सासऱ्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत अक्षर शिकले आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांचं गावातल्या विहिरीवरचं पाणी बंद झालं. हे ऐकून मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मग पैसे मिळाले म्हणणाऱ्याला हे सांगतो."

घराच्या गोष्टीला प्रांताची गोष्टही जोडा, कारण "हा धर्म परदेशी" हे वाक्य त्याला ऐकावं लागणारच आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं ते मराठी ओवीत. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, आणि इथल्याच सिंथिया फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून गायली. ती भजनं मूल लहानपणापासून रविवारी गातच आलं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक मुळावरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. ही माणसं त्याला माहीत असली की आडनाव सांगताना त्याला मान खाली घालावी लागत नाही.

सुट्टीत आणखी एक करून पाहा. महिनाभर कुटुंब प्रार्थना मुलाला चालवू द्या. शास्त्रपाठ त्याने निवडायचा, प्रार्थना त्याने करायची. ती दोन मिनिटांत संपली तरी चालेल. "आमेन" झाल्यावर सुधारणा सांगू नका.

पहिले तीन रविवार

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. नव्या शहरातले पहिले तीन-चार रविवार कसे जातात यावर पुढचे कित्येक महिने ठरतात. पहिल्या रविवारी झोप, दुसऱ्या रविवारी मित्रांबरोबर सिंहगड, तिसऱ्या रविवारी सबमिशन. चौथ्या रविवारी जायचं मनात येतं, पण आता कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून पाय निघत नाही. मुलाने ठरवून काही सोडलेलं नसतं.

म्हणून मुलाला सोडायला जाल तेव्हा शक्य झालं तर शनिवारी जा आणि रविवारची उपासना त्याच्यासोबत त्याच्या नव्या चर्चमध्ये करून मग परतीची गाडी धरा. जाण्याआधी घरूनच चौकशी करा. तुमच्या पाळकांना त्या शहरातले पाळक ठाऊक असतात. पुण्यात मराठी उपासना हवी असेल तर गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय आहे, आणखीही मराठी मंडळ्या आहेत. पण कॉलेज वाघोलीला आणि चर्च पेठेत असेल तर बसने जायला-यायला किती वेळ लागतो ते मुलासोबत एकदा स्वतः जाऊन पाहा. दोन बस बदलून दीड तास जायचं असेल तर मूल दर रविवारी जाणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. जवळचं दुसरं चर्च शोधा. ते आपल्या पंथाचं नसलं, उपासना इंग्रजी किंवा हिंदी असली, गिटार-ड्रम असले, तरी मी म्हणेन तिथे जाऊ द्या. आपल्या चालीची गाणी नाहीत एवढ्यावरून नाक मुरडू नका. बेंगळुरू, वेल्लोर, लुधियाना अशा ठिकाणी गेलेल्यांना तर मराठी उपासना मिळणं कठीणच. त्यांच्या बॅगेत उपासना संगीताची, म्हणजे आपल्या मराठी भजनांच्या पुस्तकाची, प्रत ठेवा. परक्या भाषेत आठवडे काढल्यावर आपल्या भाषेतलं एक भजन माणसाला सावरतं.

कॅथलिक घरांचं थोडं सोपं आहे आणि थोडं अवघडही. वसईहून मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलांना जवळपास चर्च सापडतं आणि मिस्सा कुठेही तीच असते. पण मोठ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकून कुणाशीही न बोलता निघून जाता येतं, आणि वर्षभर तसंच चालतं. तिथल्या फादरांना एकदा भेटून मुलाचं नाव सांगा, युवक गटात कोण आहे विचारा.

आता एक छोटी गोष्ट. बऱ्याच मेसमध्ये रविवारी रात्री जेवण नसतं. मुलीच्या वेळी मी तिथल्या पाळकबाईंना फोन करून एवढंच म्हटलं, "महिन्यातून एखाद्या रविवारी कुणी तिला घरी जेवायला बोलावलं तर बरं होईल." एका कुटुंबाने बोलावलं. मग ते दर महिन्याला बोलवायला लागले. त्या घरच्या आजी तिच्याकडून डोक्याला तेल लावून घ्यायच्या. तीन वर्षं तिची उपासना चुकली नाही, त्यात त्या घरातल्या वरणभाताचा वाटा माझ्या कुठल्याही उपदेशापेक्षा मोठा आहे. मुलाच्या वेळी असा फोन करायचं मला सुचलं नव्हतं. तो ज्या चर्चमध्ये गेला तिथे दोन महिन्यांत त्याला कुणी नाव विचारलं नाही. तुम्ही स्वतः पुण्या-मुंबईत राहत असाल तर तुमच्या मंडळीच्या मागच्या बाकावर कोणाचं तरी मूल एकटं बसलेलं असतं. त्याला जेवायला घरी न्या.

फोन

मुलगा गेल्यावर मी रोज सकाळी सहाला त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वचन पाठवायचे. निळ्या खुणा उमटल्या की समाधान वाटायचं. दर रविवारी दुपारी फोन करून पहिला प्रश्न, "चर्चला गेलास का?" तो म्हणायचा, "हो." दिवाळीत त्याच्या रूममेटच्या बोलण्यातून कळलं की सुरुवातीचे काही रविवार सोडले तर तो गेलाच नव्हता. मला खोटं बोलल्याचा राग आला. पण यांनी मला विचारलं, "तू प्रश्न असा विचारायचीस की त्याला दुसरं उत्तर देताच येत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते. मुलाला ते माहीत होतं. माझं रडणं वाचवायला तो खोटं बोलत होता.

मुलीच्या वेळी मी ठरवलं की हजेरी घ्यायची नाही. आठवड्यातून एकदा विचारायचं, "या आठवड्यात तुझ्यासाठी काय मागू?" ती सांगायची. अ‍ॅनाटॉमीची परीक्षा, वॉर्डातली एक रागीट सिस्टर, कॅन्सरची एक म्हातारी पेशंट. मी ते वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात विचारायचे, "त्या आजींचं काय झालं?" चर्चचा विषय तिच्याकडूनच निघायचा. आणि मी तिला माझ्यासाठीही प्रार्थना करायला सांगू लागले: माझ्या गुडघ्यासाठी, तिच्या मामाच्या कोर्टकचेरीसाठी. मुलांना आपल्याकडून मागणं ऐकायची सवय असते, पण आपल्यासाठी कुणी त्यांच्या प्रार्थनेवर अवलंबून आहे हे त्यांना फार थोड्या वेळा जाणवतं.

वचन पाठवायचंच असेल तर आठवड्यातून एक, आणि ते आज तुम्हाला का भिडलं ते स्वतःच्या दोन ओळींत. फॉरवर्ड केलेली गुलाबाची चित्रं नकोत. तिकडे कुणी वाचत नाही.

मूल प्रश्न घेऊन येतं तेव्हा

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ते येतं. जेवताना, बहुधा पाहुण्यांसमोर, एकदम म्हणतं, "पप्पा, उत्पत्तीत सात दिवस म्हणतात, ते खरं कसं?" किंवा, "माझा रूममेट आपल्या चर्चमधल्या निम्म्या माणसांपेक्षा चांगला आहे. तो नरकात जाणार का?" किंवा काहीच न विचारता, "मला हे सगळं पटत नाही आता."

तुमच्या पोटात गोळा येईल. तो दिसू देऊ नका, आणि तेवढ्यात पाळकांना फोन लावू नका. मूल तुमच्यापाशी येऊन बोलतंय. ज्याने आतून सारं सोडून दिलं आहे ते मूल वाद घालत नाही, ते मान हलवून जेवत राहतं.

पहिलं उत्तर नेहमी प्रश्नच असू द्या: "तुला हे कधीपासून वाटतंय? कशावरून आलं मनात?" त्यात पुष्कळदा दुसरंच काही निघतं. आमच्या तरुण संघातल्या एका मुलाने तीन महिने उत्क्रांतीवरून वाद घातला. शेवटी कळलं की त्याच्या मित्राने आत्महत्या केली होती, आणि देवाने ते का होऊ दिलं हा त्याचा खरा प्रश्न होता. त्या प्रश्नाला कोणतंही पुस्तकी उत्तर देऊ नये. त्याच्याजवळ बसावं. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे, ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ येत नाही. ते त्याच्यासोबत वाचावं. देवापुढे अशी तक्रार मांडायला जागा आहे, हे त्याला शास्त्रातूनच दिसू दे.

विज्ञानाचे प्रश्न त्यामानाने हलके आहेत आणि त्यांची तयारी करता येते. बारावीच्या जीवशास्त्रात आनुवंशिकता शिकवली जाते, ती ज्या मेंडेलच्या वाटाण्यांवरून, तो ऑगस्टिनी मठातला धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा अर्थ कसा लावायचा यावर ख्रिस्ती लोकांत फार जुन्या काळापासून एकाहून अधिक मतं आहेत. हे मुलाला सांगितलं की त्याला विज्ञान की देव असं एक निवडायची सक्ती वाटत नाही. घरात त्याची खिल्ली उडवून, "शिकून शहाणा झालास का?" म्हटलंत, तर मात्र तो निवड करील, आणि ती तुमच्या मनासारखी नसेल.

रूममेटच्या प्रश्नाला माझ्या नवऱ्याने दिलेलं उत्तर मला आजही योग्य वाटतं. ते म्हणाले, "मला माहीत नाही. न्याय करणारा मी नाही, आणि जो आहे तो माझ्यापेक्षा दयाळू आहे एवढं मला येशूकडे पाहून कळतं. तू त्या मुलाला सुट्टीत घरी घेऊन ये." तो आला, चार दिवस राहिला. आमच्या प्रार्थनेला शांत बसला आणि एकादशीला त्याच्यासाठी मी साबुदाणा केला.

"मला माहीत नाही" म्हणायला आईबापांनी शिकावंच. आणि "आपण दोघं मिळून शोधू" म्हटलं तर खरंच शोधावं. मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप येशूला एका दमात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवायला मदत कर. येशू त्याला परत पाठवत नाही, त्याच्या मुलाला बरं करतो. घरात प्रश्न आला की मी हा उतारा आठवते.

सोबती

एकट्याने विश्वास जपणं अवघड आहे, म्हणून कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटाची चौकशी करा. यूईएसआय ही विद्यार्थ्यांची चळवळ १९५४ पासून देशभर आहे, तिच्या कॉलेजातल्या गटांना मुलं ईयू म्हणतात. कॅथलिक विद्यार्थ्यांचा आयकफ १९२४ पासून आहे. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट तर १९१२ ची. कुठल्या कॉलेजात आज काय चालू आहे ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारूनच कळतं. गटाचं नाव मुलाला सांगा, एखाद्या दादाचा किंवा ताईचा नंबर मिळवून द्या आणि पुढचं त्याच्यावर सोडा.

सगळेच गट चांगले नसतात, हेही सांगायला हवं. घरच्यांना भेटू नको म्हणणारा, तुझं जुनं चर्च खोटं आहे म्हणणारा, शिकवण कुणाला सांगू नको म्हणणारा, अभ्यास सोडून रात्र-रात्र बसवणारा, विद्यार्थ्याकडून सतत पैसे काढणारा, आणि एकाच पुढाऱ्याच्या शब्दाला देवाचा शब्द मानणारा गट दिसला तर सावध व्हा. अशा वेळी आरडाओरडा केला तर मूल गटाकडेच अधिक सरकतं. त्यापेक्षा त्याला घरी बोलवा, खायला घाला, झोपू द्या आणि मग शांतपणे विचारा.

मुलाला मित्रांशी विश्वासाबद्दल बोलावंसं वाटलं तर आनंदाची गोष्ट आहे. कुणी विचारलं तर सांगावं, कुणावर लादू नये, आणि हॉस्टेलच्या खोलीत बैठक घ्यायची तर रूममेट आणि वॉर्डन दोघांना विचारून. मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेश अशा राज्यांत धर्मांतराबाबत कडक कायदे आहेत. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांना ते ठाऊक असावेत.

दारू, सिगारेट, प्रेमप्रकरणं. यावर लांब प्रवचन देण्यात अर्थ नाही, मुलाला तुमची मतं लहानपणापासून पाठ आहेत. फक्त एक सांगून ठेवा: रात्री दोन वाजता कुठेही अडकलास तरी मला फोन कर, मी त्या वेळी काही विचारणार नाही, आधी घ्यायला येईन. अन्य धर्माच्या मुलीवर किंवा मुलावर प्रेम बसलं तर ते तुम्हाला सगळ्यात आधी कळावं, असं नातं ठेवा. सगळ्यात शेवटी कळणाऱ्या आईबापांना काही सांगायची संधीच राहत नाही.

मन खचलेल्या मुलाला "प्रार्थना कमी पडतेय" असं कधीही म्हणू नका. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो नंबर मुलाच्या फोनमध्ये निघण्याआधीच घालून द्या.

नाताळ आणि परीक्षा

हे कुणी सांगत नाही, पण सणांच्या वेळी मुलं फार एकटी पडतात. दिवाळीला अख्खं हॉस्टेल रिकामं होतं. नाताळला मात्र सुट्टी एकच दिवसाची, आणि कित्येक अभ्यासक्रमांच्या परीक्षा नेमक्या त्याच्या आसपास. मुलाची पहिली नाताळ हॉस्टेलवर गेली. २४ च्या रात्री इकडे कॅरल पार्टी आमच्या दारात गात होती आणि तो तिकडे मॅथ्सचे जुने पेपर सोडवत होता. दुसऱ्या वर्षी मी पंधरा तारखेलाच फराळाचा डबा पाठवला. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे, आणि तेही सगळ्या मजल्याला पुरतील एवढे. "दिवाळीसारखाच फराळ?" म्हणून पोरांनी विचारलं आणि तो पहिल्यांदा मोकळेपणाने आपल्या सणाबद्दल बोलला.

तसंच उपवासकाळाचं आणि पवित्र आठवड्याचं. मार्च-एप्रिल म्हणजे परीक्षेचे दिवस. उत्तम शुक्रवारी सुट्टी असते, पण शनिवारी पेपर असू शकतो. स्पर्धा परीक्षा तर बहुतेक रविवारीच. मुलाने अशा रविवारी पेपर द्यावा की नाही यावर मंडळीतली मोठी माणसं वेगवेगळं बोलतील. माझं मत विचाराल तर पेपर द्यावा, आणि संध्याकाळी जवळच्या चर्चमध्ये जावं. नाहीच जमलं तर खोलीत बसून शास्त्रपाठ वाचावा. हे मुलाला आधीच सांगा, म्हणजे पेपर लिहिताना त्याच्या मनाला टोचणी राहणार नाही.

आणि तरीही थांबला तर

काही मुलं थांबतात. चर्च सोडतात, प्रार्थनेच्या वेळी उठून बाहेर जातात. माझा मुलगा तिसऱ्या वर्षात असाच होता.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या मोनिकाचा मुलगा ऑगस्टिन, जो पुढे संत ऑगस्टिन म्हणून ओळखला गेला, सतराव्या वर्षी कार्थेजला शिकायला गेला. तिथे वेगळ्या पंथात शिरला, लग्नाशिवाय एका स्त्रीसोबत राहिला, त्यांना मूल झालं. मोनिकाने आधी त्याला घरातून दूर ठेवलं, मग परत घरी घेतलं. एका बिशपला तिने विनवलं की माझ्या मुलाशी वाद घालून त्याला पटवा. बिशप नाही म्हणाला. मुलगा अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, इतकंच त्याने सांगितलं. ३८७ साली ईस्टरच्या वेळी मिलानमध्ये ऑगस्टिनने बाप्तिस्मा घेतला. तोवर तो बत्तीस वर्षांचा झाला होता. त्या बिशपचा सल्ला मला फार उपयोगी पडला. मी मुलाशी वाद घालायचं बंद केलं.

अशा काळात काय करायचं ते थोडंच आहे. त्याच्या फीचा, खर्चाचा आणि चर्चचा संबंध कधीही जोडू नका. मंडळीत कुणी विचारलं, "तुमचा मुलगा दिसत नाही," तर त्याची निंदा करू नका, त्याच्या वतीने खोटंही बोलू नका. "त्याच्यासाठी प्रार्थना करा" एवढं पुरे. प्रार्थनेला बसायची सक्ती करू नका, पण प्रार्थना त्याच्यासाठी पुढेही ढकलू नका. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप मुलाच्या मागे दूर देशात गेला नाही. तो घरीच होता, आणि मुलगा लांब असतानाच त्याला दिसला, याचा अर्थ तो वाटेकडे बघत असणार.

मला इथे स्वतःबद्दल एक सांगायचं आहे, कारण हे आईबापांकडून सहज निसटतं. मुलगी मुंबईला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. रात्री साडेआठची प्रार्थना वीस वर्षं कधी चुकली नव्हती. आता कोणासाठी बसायचं असं झालं. टीव्हीसमोर ताटं आली. रोजची प्रार्थना आधी आठवड्यातून चारदा झाली, मग दोनदा, मग रविवारची तेवढी राहिली. त्या दिवाळीला मुलगा घरी आला. तोच, जो उठून बाहेर जायचा. साडेआठला तो हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसला आणि आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही दोघं बातम्या बघत होतो. थोड्या वेळाने म्हणाला, "आज बसायचं नाही का?"

शास्त्र कपाटातून काढावं लागलं. त्या रात्री वाचन यांनी केलं, मुलगा नुसता बसून होता, शेवटी आमेनही म्हणाला की नाही मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही टीव्ही साडेआठला बंद करतो. दोघंच असतो. मुलांपैकी कुणाचा फोन आला तर स्पीकरवर ठेवतो, नाही आला तर दोघांची नावं घेतो आणि भजन म्हणतो.